आजोबांचा डबल ब्रेस्ट सूट : कात्री न लावता काय करता येईल?

आपण पाठविलेले फोटो, मापे आणि मजकूर यांवरून प्रश्न मला असा समजला. आजोबांनी १९५४ च्या सुमारास नागपुरात शिवून घेतलेला, गडद राखाडी लोकरी कापडाचा, सहा बटणांचा डबल ब्रेस्ट (पुढचे दोन पदर एकमेकांवर येणारा) सूट घरातल्या पेटीत सापडला आहे. डिसेंबरात स्वतःच्या स्वागत समारंभाला तो घालावा, अशी आपली इच्छा आहे. आपली छाती ४० इंच आणि कंबर ३४ इंच आहे. आजोबांची छाती ३८ आणि कंबर ३० असावी. उंचीत आपण त्यांच्याहून इंचभर जास्त आहात. सीताबर्डीतल्या दोन टेलरांनी 'मॉडर्न फिटिंग करून देतो' असे सांगितले, तर तिसऱ्याने 'हा राहू द्या, कापड घ्या, नवाच शिवू' असा सल्ला दिला. शिवाय धाकट्या भावाचे लग्न मे महिन्यात आहे आणि त्यालाही याच धाटणीचा सूट हवा आहे.

मी नागपूरच्या महाल भागात गेली ३८ वर्षे कोट शिवतो आहे आणि त्यातला बराच काळ जुने कोट दुरुस्त करण्यात गेला आहे. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. आजोबांचा कोट आपल्याला होईल, पॅंट थोडी युक्ती करून होईल, आणि दोन्हींपैकी कशालाही कात्री लावू नये. उसवावे, सैल करावे, पुन्हा शिवावे. कापू मात्र नये. 'मॉडर्न फिटिंग' म्हणजे लॅपेल (कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी) अरुंद करणे, कोटाची लांबी कमी करणे आणि पायाची मोहरी निमुळती करणे, आणि या तिन्ही कामांत कापड कायमचे जाते.

हा आग्रह मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. धंद्यात नवीन असताना एका गिऱ्हाईकाने वडिलांचा रुंद लॅपेलचा कोट आणून दिला आणि लॅपेल तीन इंचांपेक्षा कमी करून मागितले. मी ते करून दिले आणि त्या वेळी कामाचे कौतुकही झाले. काही वर्षांनी रुंद लॅपेल पुन्हा दिसू लागले, तेव्हा तेच गृहस्थ तोच कोट घेऊन आले आणि 'पहिल्यासारखे करता येईल का' म्हणून विचारू लागले. कापलेला तुकडा मी केव्हाच टाकून दिला होता. त्या दिवसापासून जुन्या कोटावर मी तेवढेच काम करतो, जे दुसऱ्या टेलरला उसवून पूर्ववत करता येईल.

आता कोट हातात घेऊन काय पाहायचे ते सांगतो, कारण कोणत्याही टेलरकडे जाण्याआधी एवढी तपासणी आपणच घरी करू शकता. प्रथम आतला खिसा उलटा करून पाहा. चांगल्या टेलरने मापाने शिवलेल्या सुटात खिशाच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते आणि तीवर गिऱ्हाईकाचे नाव व तारीख शाईने लिहिलेली असते. ती सापडली तर १९५४ हा अंदाज राहणार नाही. नागपूर ही १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, सचिवालय आणि उच्च न्यायालय दोन्ही इथेच होती, आणि त्या काळातले साहेबी कपडे शिवणारे हात चांगले कसलेले होते. आपल्या फोटोत काजाभोवतीचे टाके दाट आणि किंचित उंच दिसतात. काज आधी कापून, कडेला जाड दोरी धरून, त्यावर रेशमी धाग्याने हाताने भरल्याची ती खूण आहे.

त्यानंतर सर्वांत खालच्या काजाच्या थोडे खाली कापड दोन चिमटींत धरून हलकेच ओढून पाहा. वरचे कापड, आतली पट्टी आणि या दोहोंच्या मधोमध सुटा सरकणारा तिसरा थर हाताला लागला, तर कोट कॅनव्हासचा आहे, म्हणजे आकार धरून ठेवणारे जाड कापड आत टाक्यांनी बसवलेले आहे. दोनच थर जाणवले आणि वरचा थर पुठ्ठ्यासारखा ताठ लागला, तर फ्युजिंग आहे, म्हणजे आतला थर डिंकाने चिकटवलेला आहे. १९५४ च्या कोटात फ्युजिंग असण्याची शक्यता जवळजवळ नाही. ते आपल्याकडे पुष्कळ नंतर रूढ झाले. हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की कॅनव्हासचा कोट उसवता येतो, वाफ देऊन वळवता येतो आणि पुन्हा शिवता येतो. चिकटवलेला कोट उसवला की फुगे धरतो आणि ते फुगे कधीच बसत नाहीत. लॅपेल उलटून मागची बाजू तिरप्या उजेडात धरली तर बारीक खळ्यांच्या ओळी दिसतील. लॅपेल बोटावर वाकवून धरून, तसाच वाकलेला असताना शेकडो तिरपे टाके घालतात, त्यांच्या त्या खुणा आहेत. त्या टाक्यांमुळेच लॅपेल सत्तर वर्षांनंतरही आपणहून गोलाईने वळतो, इस्त्रीने दाबून बसवावा लागत नाही.

मग कोट रात्री दिव्यासमोर धरा. कसर लागली असेल तर सुईच्या टोकाएवढी छिद्रे चमकतील. कसरीच्या अळ्या स्वच्छ लोकरीपेक्षा मळलेली लोकर आधी खातात, म्हणून कॉलरखाली, बगलेत आणि जेवताना सांडते त्या पोटाच्या भागावर विशेष नजर ठेवावी. छिद्रे दोन-चार असतील तर रफू होईल. कसर अजून जिवंत असल्याची शंका आली, म्हणजे ताजी भुकटी किंवा जाळीसारखे तंतू दिसले, तर कोट पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता दिवसभर तशीच राहू द्यावी, नाहीतर थंड कापडावर दव धरते. डांबरगोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला यांवर विसंबू नका. त्यांच्या वासाने कसर दूर राहील कदाचित, पण आत बसलेल्या अळ्या मरतीलच असे नाही.

बगलेतल्या शिलाईचा धागा सुईने उचलून ओढून पाहा. सुती धागा घामाने कुजतो आणि कापड धडधाकट असतानाही शिवण मात्र कागदासारखी सुटते. असे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडलेला घेर, पुन्हा शिवावा लागेल, इतकेच. अस्तर बहुतेक मुंढ्यापाशी फाटलेले असणार. बाहीचे अस्तर बदलावे, धडाचे शक्य तितके राखावे. बटणे कशाची आहेत हे पाहण्यासाठी तापवलेली सुई लावण्याचा उपाय आपल्याला कोणी सुचवला तर तो करू नका, कारण जुनी सेल्युलॉइडची बटणे भडकन पेट घेतात. कापड शुद्ध लोकर आहे का हे पाहायचे असेल तर आतल्या मायेतला (शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडातला) एकच धागा काढून जाळावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर; वितळून कडक मणी झाला तर त्यात टेरिलीन हा कृत्रिम धागा आहे, आणि मग कोट आपण समजता त्याहून नंतरचा आहे.

आता मापांचा हिशेब. ३८ छातीच्या माणसासाठी त्या काळात तयार कोट ४२ इंचांच्या आसपास ठेवीत, म्हणजे हालचालीसाठी चार इंच जास्त. आपल्याला तेवढाच सैलपणा हवा तर ४४ लागतील. पावणेचव्वेचाळीस मिळाले तरी कोट छान बसेल. यातला एक इंच दोन्ही बाजूंच्या शिलाया मिळून निघेल, कारण जुने टेलर तिथे चांगली इंचभर माया सोडीत. गिऱ्हाईक पुढे सुटणार, हे त्यांनी गृहीतच धरलेले असे. उरलेला पाऊण इंच बटणांतून काढायचा. डबल ब्रेस्ट कोटाची ही मोठी सोय आहे आणि ती फार थोड्या टेलरांच्या लक्षात येते. बटणांच्या दोन्ही उभ्या रांगा आपापल्या जागेवरून कडेच्या दिशेने पाऊण इंच सरकवल्या की घेर पाऊण इंच वाढतो आणि दोन रांगांमधले अंतर तेवढेच कमी होते. मात्र आतल्या बाजूला एक एकटे बटण असते, जे आतला पदर जागेवर धरून ठेवते. ते सरकवायला विसरले तर कोट घातल्यावर एका बाजूने लोंबतो. बटण काढलेल्या जागी उरलेली खूण ओला फडका आणि वाफ यांनी बरीचशी मिटते.

बाजूच्या शिलाया सोडण्याआधी एक गोष्ट टेलरला अवश्य सांगा. मायेतले कापड सत्तर वर्षे उजेडापासून आणि धुळीपासून वाचलेले असते, त्यामुळे ते बाहेर आले की जुन्या शिलाईच्या जागी उभी रेघ दिसू शकते. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी शिलाई उसवून मायेत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढावी, मग चांगल्या ठिकाणी ड्राय क्लीन करून घ्यावे, त्यानंतर पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब घालून भिजवलेल्या मलमलीच्या फडक्यावरून रेघेवर वाफ द्यावी, आणि हे सारे आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावे. घडीची रेघ अशा रीतीने जाते; रंग विटल्याची रेघ जात नाही. ती कितपत आहे हे एक वीतभर शिलाई उसवल्यावर लगेच कळते, आणि जास्त असेल तर तिथेच थांबून फक्त बटणांवर काम भागवावे. एक फायदा असा की कोटात बाजूची शिलाई हाताखाली राहते आणि सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. कोट घरी पाण्यात मात्र कधीही भिजवू नका. लोकर आटते, कॅनव्हास वेगळ्या प्रमाणात आटतो, आणि छातीवर ज्या सुरकुत्या येतात त्यांवर इलाज नाही.

खांद्याला हात लावण्याची गरज मला दिसत नाही. खांदा वाढवता येत नाही, हा या धंद्यातला नियमच आहे. पण त्या काळी खांदे मुळातच थोडे बाहेर काढून शिवीत, त्यामुळे आपली छाती दोन इंच जास्त असूनही फोटोत खांद्याची कड आपल्या दंडाच्या बरोबर वर आली आहे. खांद्यातली गादी जास्त फुगीर वाटत असेल तर अस्तर उघडून तिच्यातले कापसाचे एक-दोन थर काढता येतील. काढलेले थर फेकू नका.

बाही एक इंच वाढवायला हवी. मनगटाशी दीड इंचापर्यंत माया असते, ती उलगडून आत अस्तराच्या कापडाची पट्टी लावायची. जुनी घडी जिथे झिजली असेल तिथे आतून बारीक रफू करून घ्यावे. कोटाच्या लांबीला मात्र कोणी हात लावू देऊ नका. मानेच्या मागच्या शिवणीपासून जमिनीपर्यंत जेवढे अंतर, त्याच्या साधारण निम्म्यावर कोट संपावा असा त्या काळचा बेत असे, आणि खिसे, कंबर, बटणे यांच्या जागा त्याच लांबीवर ठरवलेल्या असतात. लांबी दोन इंच कमी केली की खिसे कोटाच्या कडेवर टेकल्यासारखे दिसू लागतात.

पॅंटचे काम जास्त नाजूक आहे, कारण तिथे चार इंच हवे आहेत. मागच्या मधल्या शिलाईतून दोन ते अडीच इंच निघतील. उरलेल्या दीड-दोन इंचांसाठी मागे, कंबरपट्टीपासून खाली निमुळती होत जाणारी कळी घालावी. जुने मास्तर अशी कळी पायाच्या तळाशी बाहेर वळवलेल्या दुमडीतले कापड काढून घालीत, म्हणजे रंग तंतोतंत जुळे. मी तसे करीत नाही, कारण ती दुमड पुन्हा मिळत नाही. जवळच्या छटेचे दुसरे लोकरी कापड कळीसाठी वापरावे. आपल्या कोटाला मागे चीर नाही, त्यामुळे कोट अंगात असेपर्यंत ती कळी कोणालाही दिसणार नाही, आणि समारंभात कोट काढायचा नाही एवढे पथ्य आपण पाळावे. उंचीसाठी लागणारा इंच दुमडीतूनच मिळतो, तोही न कापता. दुमड पावणेदोन इंचांची आहे. ती सव्वा इंचाची केली की पाय एक इंच लांब होतो आणि खालची जुनी झिजलेली घडी नव्या दुमडीच्या आत झाकली जाते. पॅंटला पट्टा लावायचा नाही. कंबरपट्टीच्या आत सहा बटणे दिसतील, ती गॅलिससाठी, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांसाठी आहेत. पॅंट बेंबीच्या पातळीवर, गॅलिसच्या आधाराने लोंबत राहायला हवी. पट्टा आवळून ती खाली नेसली की पुढच्या प्लीट उघडतात आणि सगळा डौल जातो.

आपण पाठविलेल्या दुसऱ्या फोटोबद्दल थोडे विषयांतर करतो. त्यात उजवीकडे उभे असलेले पणजोबा धोतरावर बंद गळ्याचा लांब कोट घालून आहेत आणि 'भावासाठी हाही विचारात घेता येईल का' असे आपण विचारले आहे. तो कोट देखणा आहे, पण तो धोतरावरचा कोट आहे. निऱ्या आणि मागचा काष्टा यांना जागा हवी म्हणून त्याचा खालचा घेर मोठा ठेवलेला आणि कंबर जवळजवळ सरळ आहे. तोच बेत पॅंटवर घातला तर झब्ब्यासारखा दिसेल. भावाची तयारी धोतर नेसण्याची असेल तर तो कोट अवश्य शिवावा, पॅंटवर नको.

आता भावाच्या सुटाकडे वळतो. जुन्या धाटणीचा नवा सूट मागितला की बहुतेक ठिकाणी रुंद लॅपेल आणि सहा बटणे मिळतात, बाकी कोट आजचाच राहतो आणि तो नाटकातल्या पोशाखासारखा दिसतो. जुनेपणा लॅपेलमध्ये फारसा नसतो. तो मुंढ्यात असतो, कंबरेच्या जागेत असतो आणि पॅंटच्या आसनात (कंबरपट्टी ते दोन पायांच्या जोडापर्यंतच्या उंचीत) असतो. आजोबांचा कोट घालून हात वर करून पाहा. कोट फारसा उचलला जाणार नाही. आज बाजारातला तयार कोट घालून तेच करा, अख्खा कोट कानापर्यंत येईल. याचे कारण जुना मुंढा लहान आणि उंच आहे, बगलेच्या जेमतेम इंचभर खाली येतो. आजचा मुंढा अनेकांच्या अंगाला व्हावा म्हणून खोल कापलेला असतो आणि मापाने शिवणारे पुष्कळ टेलरही तेच खाके (कापणीचे नमुने) वापरतात. मुंढा उंच हवा, हे टेलरला पहिल्याच भेटीत सांगा, आणि ट्रायलमध्ये तो बगलेत किंचित टोचला तर लगेच खोल करायला सांगू नका. कच्च्या शिलाईत मायेचे कापड आत असते, ते कातरल्यावर टोचणे थांबते. नुसता मुंढा उंच करून भागत नाही, त्यात बसणारी बाहीही तशीच लागते. बाहीचा वरचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा दीड ते दोन इंच जास्त कापतात आणि तो जास्तीचा घेर वाफेने आटवून, चुणी न येऊ देता मुंढ्यात बसवतात. कोट शिवणाऱ्याचा हात तिथे कळतो. मी नव्या कारागिराला आधी बाही बसवायला देतो. बाकीचे काम त्याला येते की नाही, हे मग विचारावे लागत नाही.

कंबरेची जागा म्हणजे कोट सर्वांत जास्त आत जातो ती पातळी. आजोबांच्या कोटात ती शरीराच्या खऱ्या कंबरेवर आहे आणि बंद होणारे बटण तिथेच आहे. छातीवर मुंढ्यालगत थोडे सुटे कापड ठेवलेले आहे, ते घट्ट करण्याचा मोह टाळावा. ही छातीवर सैल आणि कंबरेला आवळलेली कापणी लंडनच्या फ्रेडरिक शोल्टे या टेलरने रूढ केली. तो विंडसरच्या ड्यूकचे, म्हणजे इंग्लंडचा राजा राहिलेल्या आठव्या एडवर्डचे, कपडे शिवीत असे. १९३० च्या दशकात तिची चलती झाली, आणि आपल्या आजोबांच्या कोटात दिसते ती तिचीच सौम्य आवृत्ती आहे. पॅंटचे पुढचे आसन त्या काळी साडेबारा-तेरा इंच असे, आज ते नऊ-दहावर आले आहे. मोहरी २० ते २१ इंच ठेवावी. आसन उंच ठेवून मोहरी १४ केली तर दोन्ही काळांचे दोष एकत्र येतात.

आजोबांचा कोट न उसवताही त्याचा खाका काढता येतो. कोट टेबलावर पसरून एकेका भागावर मांजरपाट टाचण्यांनी ताणून बसवावा आणि शिवणींच्या रेषा खडूने उतरवून घ्याव्यात. त्यावरून आधी मांजरपाटाचाच कोट शिवून भावाच्या अंगावर घालावा, दुरुस्त्या तिथे कराव्यात आणि मग खऱ्या कापडाला हात घालावा. यात टेलरचे तीन-चार दिवस जातात आणि त्याची मजुरी त्याने मागितली तर ती रास्त आहे.

कापडाच्या बाबतीत मात्र आजोबांची नक्कल करू नये. त्यांचा सूट वाराला १५ औंसांच्या आसपासचा असावा, म्हणजे मीटरला साधारण ४६५ ग्रॅम. डिसेंबरातल्या नागपूरच्या रात्री तो सुखाचा वाटेल. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, त्याच कापडात नवरदेवाला उभे करणे हा छळ आहे. पण हलके म्हणून गुळगुळीत, दाट विणीचे सात-आठ औंसांचे कापड घेणेही चूक आहे, कारण ते चुरगळते आणि त्यातून हवा जात नाही. लोकरच हवी असेल तर पीळदार धाग्याचे, मोकळ्या विणीचे कापड घ्यावे. ते उजेडासमोर धरले की जाळीसारखे दिसते. पाठीला अर्धेच अस्तर लावावे.

माझी पसंती मात्र कोशाला, म्हणजे टसर रेशमाला आहे. मोहाडी-आंधळगावचा किंवा आरमोरीकडचा हातमागाचा कोसा आपल्या दारातलाच आहे, आणि टसरचे सूट उन्हाळ्यात वापरण्याची पद्धत आजोबांच्याही आधीची आहे. मूळचा मधासारखा रंगच ठेवावा, रंगवलेला घेऊ नये. सुटासाठी जाड धाग्याचा, दाट ठोकलेला कोसा लागतो. साडीचा किंवा उपरण्याचा चालत नाही. त्याचा पन्हा बहुधा ४४-४५ इंच भरतो, म्हणून साठ इंची पन्ह्याच्या सुटाला जिथे सव्वातीन-साडेतीन मीटर पुरतात तिथे पाच मीटर तरी घ्यावेत, आणि एकाच ताग्यातले घ्यावेत. शिवताना दोन अडचणी येतात आणि त्या टेलरला आधीच ठाऊक असायला हव्यात. पहिली अशी की कोशाचे धागे शिलाईपाशी सरकतात, म्हणून माया जास्त ठेवून बगल, पाठ आणि आसन या ताणाच्या जागी आतून पातळ सुती पट्टी लावावी लागते. दुसरी म्हणजे रेशीम लोकरीसारखे वाफेने आटत नाही. त्यामुळे बाहीचा जास्तीचा घेर एक इंचाच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर खांद्यावर चुण्या पडतात. ज्या टेलरने आयुष्यभर फक्त टेरिवूल (टेरिलीन आणि लोकर यांचे मिश्र कापड) शिवले आहे, त्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पाहा. त्यावरून काम कोणाला द्यायचे ते ठरवता येईल. कॅनव्हास आणि सुती पट्ट्या बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतल्या आहेत ना, हेही विचारा. फ्युजिंगला स्पष्ट नकार द्या. मेच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टांगलेला फ्युजिंगचा कोट मी फुगे धरलेला पाहिला आहे.

इस्त्रीबद्दल एकच सूचना आहे. दोन्ही सुटांवर तापलेली इस्त्री थेट टेकवू देऊ नका. ओला मलमलीचा फडका मध्ये हवाच, नाहीतर लोकरीवर चकाकी येते आणि कोशावर डाग. लॅपेलची घडी तर दाबून बसवायचीच नाही. वाफ देऊन, हाताने वळवून, लाकडी ठोकळ्याखाली गार होऊ द्यावी.

वेळेचा हिशेब असा की डिसेंबरसाठी आजोबांचा सूट सप्टेंबरअखेर टेलरच्या हाती पडायला हवा. दिवाळीपूर्वी कोणी धड बोलत नाही, नंतर लग्नसराई सुरू होते, आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर जाकिटे आणि कोट यांची दुरुस्ती, इस्त्री, तातडीची कामे यांनी दुकान भरलेले असते. दोन ट्रायल ठरवून घ्या. पहिली शिलाया उसवून कच्च्या टाक्यांवर, दुसरी बटणे लावण्याआधी. काढलेली बटणे, गादीचा कापूस, जुन्या अस्तराचा तुकडा आणि खिशातली चिठ्ठी एका कापडी पुडीत घालून ती पुडी कोटाच्या आतल्या खिशात टाक्यांनी अडकवून ठेवायला सांगा. आणि दोन्ही ट्रायलला येताना समारंभात घालणार आहात तोच शर्ट, तेच बूट आणि तेच गॅलिस घालून या, कारण बुटाच्या टाचेत अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी पायाची दुमड पुन्हा उसवावी लागते.